वंशाची वही लिहिणारी अ‍ॅन

गेल्या दिवाळीत मुंबईला नणंदेकडे गेलो होतो, तेव्हा दोन दिवस माथेरानला जाऊन आलो. माझी भाची घोड्यावर बसायला अगदी उतावीळ. पण घोडेवाल्या मामांनी तिला थांबवलं. घोड्याचा एकेक पाय उचलून खूर पाहिला, खडे काढले आणि मगच तिला वर बसवलं. खूर गेला की घोडा गेला, असं ते सहज बोलून गेले.

ते वाक्य डोक्यात घोळत राहिलं. घरी आल्यावर घोड्यांविषयी वाचू लागले तर आयर्लंडच्या कॉनेमारा भागातल्या पोनींची हकीकत सापडली. पोनी म्हणजे लहान चणीचे, काटक घोडे. त्यांच्यातल्या काही शिंगरांच्या खुराची बाहेरची भिंत चिरफळते आणि आतल्या भागापासून सुटते. मग सगळा भार तळव्यावर येतो आणि बिचाऱ्याला पाऊल टाकणं नको होतं. हा दुखणेकरी वारसा आई आणि बाप दोघांकडून आला तरच आजार होतो. एकाकडूनच आला तर जनावर आयुष्यभर ठणठणीत राहतं, पण दोष पुढच्या पिढीला देऊ शकतं. अशाला वाहक म्हणतात. २०१५ साली शास्त्रज्ञांनी त्यामागचा जनुकातला दोष शोधून काढला. आता केसांच्या मुळांवरून तपासणी होते. पैदाशीच्या घोड्याची तपासणी तर फारच महत्त्वाची. कारण घोडीला अकरा महिन्यांनी एक शिंगरू होतं, पण एका घोड्याची एका हंगामात डझनावारी होऊ शकतात.

हे वाचताना मला आठवली लेडी अ‍ॅन ब्लंट. बीएला असताना कवी बायरनच्या धड्यासोबत तिचं नाव प्रथम कानावर पडलं होतं. ती बायरनची नात.

अ‍ॅनचा जन्म २२ सप्टेंबर १८३७ चा. आई एडा लवलेस, जिला आज जग संगणकाच्या प्रोग्रॅमची आद्य लेखिका मानतं. एडा महिन्याची असतानाच तिचे आईवडील वेगळे झाले. बापाचा लहरी, बेफाम स्वभाव लेकीच्या रक्तात उतरेल या धास्तीने आजीने एडाला लहानपणापासून गणिताला जुंपलं. म्हणजे रक्तात काय आलं असेल, ही भीती या घरात आधीपासूनच मुक्कामाला होती. एडा १८५२ साली छत्तिसाव्या वर्षी गेली. अ‍ॅन तेव्हा पंधरा वर्षांची होती.

आईविना वाढलेली ही मुलगी अबोल, पण हुन्नरी. चित्रकला ती जॉन रस्किनकडे शिकली. व्हायोलिन उत्तम वाजवायची. तिच्याजवळचं स्ट्रॅडिव्हेरियस व्हायोलिन आजही लेडी ब्लंट याच नावाने ओळखलं जातं.

१८६९ साली विल्फ्रिड ब्लंट या कवीशी तिचं लग्न झालं. माणूस देखणा, बोलण्यात पटाईत आणि बाहेरख्याली. लग्नानंतर अ‍ॅनची बाळंतपणं एकामागून एक वाईट गेली. काही बाळं अवघ्या काही दिवसांत दगावली. जगली फक्त १८७३ साली जन्मलेली ज्युडिथ. मुलगा नाही याची नवऱ्याला खंत होती, आणि अ‍ॅनला ती निमूट सोसावी लागली. मैत्रिणींनो, देश वेगळा असला तरी हे दुःख आपल्याला परकं वाटतं का?

घरात कोंडून घेण्यापेक्षा अ‍ॅन नवऱ्यासोबत वाळवंटात निघाली. १८७८ च्या सुमाराला हे दोघे अलेप्पोहून युफ्रेटिस नदीकाठच्या बेदुईन टोळ्यांमध्ये फिरले. पुढच्याच हिवाळ्यात दमास्कसहून नेफूदचं वाळवंट ओलांडून अरबस्तानातल्या हाईलपर्यंत पोचले. वाटेत लुटारूंनी गाठलं तेव्हा अ‍ॅनचा गुडघा मुरगळलेला होता, तिला घोड्यावर चढताही येईना. त्यातूनही ती निभावली. रोज रात्री डायरी लिहायची, चित्रं काढायची. या प्रवासांवर तिची दोन पुस्तकं निघाली.

या भटकंतीत ती घोडे पारखायला शिकली. बेदुईन लोक घोड्याचं कूळ आईवरून सांगतात. शिंगरू कोणत्या घोडीच्या वंशातलं, हे घरादाराला तोंडपाठ असायचं. आपल्याकडे खाण तशी माती ही म्हण बहुतेक वेळा सुनेला टोमणा म्हणून वापरतात. तिथे मात्र घोडीचं कूळ हा अभिमानाचा विषय. अ‍ॅनने पुढे अरबी भाषा इतकी आत्मसात केली, की दुभाष्याशिवाय ती जुन्या जाणत्यांना प्रश्न विचारी. उत्तर मिळालं की डायरीत टिपून ठेवी. एखाद्या घोड्याच्या कुळाबद्दल खात्री पटली नाही, तर तो कितीही देखणा असो, शुद्ध अरबी म्हणून पैदाशीला घ्यायचा नाही, असा तिचा कटाक्ष होता.

१८७८ मध्येच इंग्लंडातल्या ससेक्स परगण्यात क्रॅबेट इथे त्यांनी अरबी घोड्यांची पागा सुरू केली. १८८३-८४ च्या हिवाळ्यात दोघे हिंदुस्थानातही येऊन गेले. मुंबईत तेव्हा जहाजाने अरबी घोडे येत आणि त्यांचा मोठा व्यापार चाले. कैरोजवळ शेख ओबेद नावाची बाग घेऊन तिथेही त्यांनी घोडे ठेवले. इजिप्तमधल्या अली पाशा शरीफ या अमीराची नामांकित पागा मोडली, तेव्हा तिथली जनावरं घेऊन अ‍ॅनने तो वंश सांभाळला. आज जगभरच्या बहुसंख्य अरबी घोड्यांच्या वंशावळीत कुठे ना कुठे क्रॅबेटचं नाव येतं.

घोड्यांचा हिशेब असा चोख, संसाराचा मात्र जुळला नाही. नवऱ्याची प्रकरणं थांबेनात. अखेर १९०६ साली दोघे वेगळे झाले आणि पागेचीही वाटणी झाली. अ‍ॅन बहुतेक काळ इजिप्तमध्ये राहू लागली. तिथेच, कैरोला, डिसेंबर १९१७ मध्ये वयाच्या ऐंशीव्या वर्षी ती गेली. तिच्यामागे घोड्यांसाठी बाप-लेक कोर्टात भांडले आणि १९२० मध्ये लेक जिंकली.

एक गोष्ट मात्र अ‍ॅनच्या वहीतही येऊ शकली नाही. डोळ्यांना दिसेल आणि जाणते सांगतील, तेवढंच तिला लिहिता येत होतं. पोटात दडलेला दोष कोणाला दिसणार? १९७३ साली शास्त्रज्ञांनी अरबी शिंगरांमधला एक आजार नोंदवला. त्यात शिंगराला जन्मतःच प्रतिकारशक्ती नसते आणि काही महिन्यांत ते संसर्गाने दगावतं. हा दोषही दोन्हीकडून आला तरच आजार होतो. १९९७ पासून त्याची तपासणी करता येते. वंश शुद्ध राखायचा म्हणून त्याच त्या नामांकित घोड्यांचं रक्त पुन्हा पुन्हा एकत्र आणलं, की असे लपलेले दोष समोरासमोर येण्याची भीती वाढते. यात अ‍ॅनचा दोष नाही. तिच्या हयातीत अशी तपासणीच नव्हती. पण वंशाबद्दल जे कळेल ते लपवायचं नाही, हा तिचा धडा आजच्या पैदासकारांनाही लागू आहे. त्यांनी तपासणीचा निकाल त्याच प्रामाणिकपणे लिहायला हवा. वाहक निघाला म्हणून चांगला घोडा मोडीत काढायची गरज नसते. जोडीदार निर्दोष असेल, तर त्यांच्या शिंगराला तो आजार होत नाही. फक्त खरं लपवू नये.

आता माझ्या गावची गोष्ट. माणसं म्हणजे घोडे नव्हेत आणि लग्न म्हणजे पैदास नव्हे, हे मला पुरतं ठाऊक आहे. पण आमच्या विदर्भात सिकलसेलचा आजारही असाच उतरतो. नवरा-बायको दोघे वाहक असतील, तर दर बाळंतपणात मुलाला आजार होण्याची शक्यता चारात एक असते. कामाच्या निमित्ताने मी घरोघरी रक्ततपासणीचं सांगत फिरते. अनुभव एकच, मुलीची तपासणी हवी, मुलाची कशाला?

मागे एका ठरलेल्या लग्नात मी दोघांच्याही तपासणीचा आग्रह धरला. मुलाची आई माझ्यावर भडकली. पाहुण्यांसमोर आमची इज्जत काढता का, म्हणाली. चार महिने माझ्याशी बोलली नाही. पण मुलगा समंजस. स्वतःहून दवाखान्यात जाऊन रक्त देऊन आला. वाहक निघाला तो आणि मुलगी निर्दोष. लग्न ठरल्या तिथीला झालं. आता त्यांची छकुली आठ महिन्यांची आहे. परवा बारशाच्या फोटोंसोबत त्या सासूबाईंनी मला जावयासाठी, म्हणजे धाकट्या लेकीच्या स्थळासाठी, एक पाकीट दाखवलं. पत्रिकेच्या आत लेकीच्या रक्ततपासणीचा कागद घडी घालून ठेवला होता. मुलाकडूनही असाच मागणार आहे म्हणाल्या.