चार्ल्स पॉन्झी: कुपन खरे होते, नफा खोटा होता

क्रिप्टोत पैसे घाला आणि दर महिन्याला ठरलेला नफा घ्या, असे मेसेज व्हॉट्सअ‍ॅपवर फिरत असतात. पाठवणारा बहुतेक वेळा आपलाच कोणी नातेवाईक किंवा दोस्त असतो. अशी योजना बुडाली की बातमीत एक शब्द हमखास येतो, पॉन्झी स्कीम. पॉन्झी हे एका माणसाचे नाव आहे. बिटकॉइन येण्याच्या जवळपास नव्वद वर्षे आधी त्याने बोस्टनमध्ये जे केले, तेच आज मोबाइलवर चालते. म्हणून त्याची कहाणी आम्ही इथे देत आहोत.

चार्ल्स पॉन्झीचा जन्म 1882 मध्ये इटलीतील लुगो गावी झाला. 1903 मध्ये तो जहाजाने बोस्टनला उतरला, तेव्हा खिशात अडीच डॉलर होते. बाकीचे त्याने प्रवासात जुगारात घालवले होते. त्याने हॉटेलात भांडी घासली, वेटरचे काम केले. पुढे कॅनडात माँट्रियलच्या एका बँकेत नोकरी मिळाली. ती बँक इटालियन स्थलांतरितांना भरपूर व्याज द्यायची, पण ते व्याज नव्या ठेवीदारांच्या पैशांतून जायचे. बँक बुडाली, मालक पळाला. पॉन्झीने एक खोटा चेक लिहिला आणि तीन वर्षांची शिक्षा झाली. नंतर लोकांना बेकायदा सीमेपार नेल्याबद्दल तो अमेरिकेतही तुरुंगात गेला. पुढे त्याच्याकडे पैसे देणाऱ्यांना यातले काहीच ठाऊक नव्हते.

1919 मध्ये त्याला स्पेनहून एक पत्र आले. सोबत टपालाचे आंतरराष्ट्रीय उत्तर-कुपन होते. पाठवणारा आपल्या देशात कुपन विकत घेतो आणि उत्तर देणारा आपल्या देशात त्यावर तिकिटे घेतो, अशी ती सोय. पहिल्या महायुद्धानंतर इटलीचे चलन घसरले होते. त्यामुळे तिकडे स्वस्तात कुपन घेऊन अमेरिकेत जास्त किमतीची तिकिटे मिळू शकत होती. हे अगदी खरे होते आणि बेकायदाही नव्हते. पण एका कुपनामागे मिळणार काही सेंट, आणि ती तिकिटे विकून रोकड करायची वेगळीच कटकट.

पॉन्झीने त्या भानगडीत न पडता कंपनी काढली. 45 दिवसांत 50 टक्के नफा, 90 दिवसांत पैसे दुप्पट, अशी त्याने हमी दिली. पहिल्यांदा आले ते बरेचसे त्याच्यासारखेच इटालियन लोक. आपला माणूस आहे, आपली भाषा बोलतो, एवढा भरवसा त्यांना पुरला. पहिल्या लोकांना वेळेवर पैसे मिळाले आणि त्यांनी शेजारी-पाजारी आणले. गिऱ्हाईक आणणाऱ्या एजंटांना भरघोस कमिशन होते. बोस्टनच्या पोलिसांनीही पैसे लावले. काही महिन्यांतच पॉन्झीकडे लाखो डॉलर जमले, मोठा बंगला आला, एका बँकेचा ताबाही आला.

1920 च्या जुलैत बोस्टन पोस्ट या वर्तमानपत्राने चौकशी सुरू केली. अर्थतज्ज्ञ क्लॅरन्स बॅरन यांनी साधा हिशोब मांडला. एवढा नफा द्यायचा तर 16 कोटी कुपने लागतील. प्रत्यक्षात चलनात होती सुमारे 27 हजार. शिवाय पॉन्झी स्वतःचे पैसे आपल्या योजनेत ठेवतच नव्हता. घाबरून लोकांनी ऑफिसवर गर्दी केली. त्याने रांगेतल्यांना कॉफी आणि डोनट वाटले, पैसेही परत दिले. ते पाहून अनेकजण पैसे न काढताच घरी गेले. ऑगस्टमध्ये पेपरने त्याचा जुना तुरुंगवास छापला आणि दुसऱ्या दिवशी त्याला अटक झाली. लोकांना डॉलरमागे 30 सेंटही परत मिळाले नाहीत. सहा बँका बुडाल्या. 1934 मध्ये अमेरिकेने त्याला इटलीला परत पाठवले. 1949 मध्ये ब्राझीलच्या रिओ दि जानेरोत, एका धर्मादाय रुग्णालयात तो कंगाल अवस्थेत मेला.

यातून घेण्यासारखी गोष्ट एकच. कुपन खरे होते, टपाल खातेही खरे होते. खोटे होते ते एवढेच की लोकांच्या पैशांतून कुपने घेतलीच जात नव्हती. म्हणून बिटकॉइन खरा आहे का, एवढे विचारून भागत नाही. मला मिळणारा नफा त्यातूनच येतोय का, हे विचारावे लागते. गेनबिटकॉइन योजनेत 18 महिने दरमहा 10 टक्क्यांचे आश्वासन होते. पुढे लोकांच्या हाती बिटकॉइनऐवजी भलतेच टोकन आले, आणि 2018 मध्ये पुणे पोलिसांनी सूत्रधाराला अटक केली. 2019 मध्ये बेंगळुरूत आयएमए कंपनी बुडाली. तिथे क्रिप्टो नव्हते, पण हलाल नफ्याच्या नावावर हजारो मुस्लिम कुटुंबांची बचत अडकली. आपला माणूस हा भरवसा तिथेही होता.

खऱ्या क्रिप्टो व्यवहारात ठरलेला नफा कोणी देत नाही. भाव वाढला तर फायदा, पडला तर तोटा. नोव्हेंबर 2021 मध्ये 68 हजार डॉलरच्या वर गेलेला बिटकॉइन वर्षभरात 17 हजारांच्या खाली आला होता. विकत घेतलेले नाणे स्वतःच्या वॉलेटमध्ये हलवता येते आणि त्याची नोंद ब्लॉकचेनवर कोणालाही दिसते. फसव्या अ‍ॅपवर फक्त आकडा वाढतो. पैसे काढायला गेले की आधी फी भरा, टॅक्स भरा, असे सांगतात. माणसे आणण्यावर कमिशन असेल तर तिथूनच उठावे. एक्स्चेंजला केंद्र सरकारच्या फायनान्शियल इंटेलिजन्स युनिटकडे नोंदणी बंधनकारक आहे, ती तपासा. मात्र नोंदणी म्हणजे पैशांची हमी नव्हे. सरकार क्रिप्टोच्या नफ्यावर 30 टक्के कर घेते, तीही हमी नव्हे.

क्रिप्टो जायज की नाजायज, यावर उलमांमध्ये मतभेद आहेत; त्यासाठी आपल्या भरवशाच्या आलिमांना विचारावे. पण दुसऱ्याच्या ठेवीतून तुमचा नफा देणारी योजना ही सरळ फसवणूक आहे, यात मतभेद नाही. पैसे अडकले असतील तर लाजून गप्प बसू नका. 1930 या सायबर हेल्पलाइनवर लगेच तक्रार करा आणि ज्यांना तुम्ही योजनेत आणले, त्यांनाही आजच सांगा.