श्रीचक्रपाणिप्रभू आणि जीवाचा विसावा

कृष्णा आणि कोयना यांच्या संगमावरील कराड हे अतिप्राचीन नगर. त्याचे जुने नाव करहाटक. या प्रांतावरून ज्यांना कऱ्हाडे हे नाव पडले, त्या ब्राह्मणांपैकी एक कुटुंब आजच्या सातारा जिल्ह्यातील फलटण येथे नांदत होते. जनकनायक आणि जनकाइसा हे ते दांपत्य. त्यांना दीर्घकाळ संतान नव्हते. पुढे देवाराधनेनंतर पुत्र झाला, त्याचे नाव चांगदेव ठेवण्यात आले. परंपरेने हा जन्म शके १०४३, म्हणजे इ.स. ११२१ मध्ये मानला जातो. हेच पंचकृष्णांतील तिसरे अवतार, श्रीचक्रपाणिप्रभू. त्यांच्या लीळा सर्वज्ञ श्रीचक्रधरस्वामींनी आपल्या भक्तांना निरूपिल्या आणि म्हाइंभटांच्या परिश्रमामुळे त्या लीळाचरित्रात टिकून राहिल्या.

चांगदेवांचा विवाह झाला, संसार सुरू झाला. आईवडिलांच्या दृष्टीने आता मुलगा स्थिरावला. घर, कुळ, नातीगोती, यांतच जीव आपला विसावा मानतो. परंतु जे आज आहे आणि उद्या नाही, त्याच्या आधाराने टेकलेला जीव निश्चिंत कसा होणार? श्रीचक्रपाणिप्रभूंनी यात्रेच्या निमित्ताने घर सोडले आणि ते मातापुरास, म्हणजे माहूरला आले. तेथून ते फलटणला परतले नाहीत.

मातापुरी श्रीदत्तात्रेयप्रभू व्याघ्राच्या वेषाने प्रकट झाले. त्यांनी आपला चवडा चक्रपाणिप्रभूंच्या श्रीमुगुटावर ठेवला आणि तेथे शक्तिस्वीकार झाला. वाघ दिसताच पळावे हा देहाचा स्वभाव आहे. ज्याला आपल्या रक्षणाचा भार स्वतःच वाहायचा आहे, तो पळेलच. येथे मात्र भय उरलेच नाही. अवताराला विसावा शोधण्याचे कारण नसते हे खरे. पण अवताराची लीळा जीवासाठी असते. परमेश्वर प्रत्येक वेळी जीवाला आवडेल अशाच रूपाने जवळ येईल असे नाही. दुःखाच्या, वियोगाच्या, भयाच्या वेषातही त्याचा हात असू शकतो. त्या हाताखाली मस्तक स्थिर ठेवणे, यालाच विश्वास म्हणावे.

मातापुराहून प्रभू द्वारावतीस गेले. तेथे त्यांनी आसन मांडले नाही, मान घेतला नाही. हातात खराटा आणि सूप घेऊन ते नगरीच्या वाटा झाडीत, केर सुपात भरीत आणि गोमतीत नेऊन टाकीत. ज्यांच्या मस्तकी ते सूप टेकले वा ज्यांना खराट्याचा स्पर्श झाला, त्यांना विद्या प्राप्त झाली. असे बावन्न पुरुष परंपरा सांगते. श्रीगोविंदप्रभूंनाही द्वारावतीतच त्यांच्याकडून ज्ञानशक्ती लाभली. येथे आणखी एक बोध आहे. समाधान म्हणजे हातपाय आवरून बसणे नव्हे. काम तेच, वाट तीच, केर रोजचाच. परंतु कामातून मान मिळावा ही तळमळ गेली की कामच विश्रांती होते.

पुढे कामाख्या नावाची योगिनी हट्टाने दाराशी बसली. तिचा हेतू व्रतभंगाचा होता. प्रभूंनी विवाद केला नाही, देहच ठेवला. ज्या देहाला जपण्यासाठी जीव आयुष्यभर धडपडतो, तो त्यांनी सहज सोडला. त्याच वेळी गुजरातेत भडोच येथे प्रधानपुत्र हरिपाळदेव निवर्तले होते. त्या पुरात अवतार स्वीकारला गेला आणि श्रीचक्रधरस्वामी प्रकटले.

स्वामी उत्तरापंथे निघून गेले तेव्हा नागदेवाचार्यांचा शोक अनावर झाला. आता कोणाच्या आधाराने राहावे, हा प्रश्न त्या सर्व भक्तांपुढे होता. त्यांना आश्रय मिळाला तो ऋद्धिपुरी श्रीगोविंदप्रभूंच्या सन्निधानात. द्वारावतीच्या वाटा झाडताना दिलेले दान असे विदर्भात शोकाकुल भक्तांच्या कामी आले. देणारा दृष्टिआड झाला तरी त्याचे देणे दृष्टिआड होत नाही.

फलटण, मातापूर, द्वारावती, यांपैकी एकाही स्थळी प्रभूंनी आपले म्हणून काही धरून ठेवले नाही. घर असो वा मठ, सुख असो वा वियोग, जीवाचा विसावा परमेश्वराच्या आश्रयात आहे. तो आश्रय ज्याने मनापासून धरला, त्याला झाडाखालीही झोप लागते. ज्याने धरला नाही, त्याला वाड्यातही ती लागत नाही.