पंडिता रमाबाईंचे शेवटले महिने

पंडिता रमाबाईंची विद्वत्ता आमच्या सर्व मंडळ्यांस ठाऊक आहे; त्यांच्या शेवटल्या आठ-नऊ महिन्यांची हकीकत मात्र आम्ही उपदेशक क्वचितच सांगतों.

१८७४ च्या सुमारास दुष्काळांत त्यांचे आईबाप व बहीण गेलीं. १८८० सालीं भाऊ, १८८२ सालीं पति. तेव्हां पुनरुत्थित ख्रिस्ताची ओळख त्यांस नव्हती. १८८३ सालीं इंग्लंडांत त्यांनीं बाप्तिस्मा घेतला. राहिली एकुलती कन्या मनोरमाबाई. केडगांवच्या मुक्तिसदनाचा भार पुढें त्याच वाहतील असें सर्वांस वाटे. २४ जुलै १९२१ रोजीं त्याहि मिरजेस प्रभूच्या ठायीं निजल्या. वय अवघें चाळीस.

रमाबाई त्या वेळीं त्रेसष्ट वर्षांच्या, कानांनीं अधू, प्रकृतीनें क्षीण. त्यांस दुःख झालें नाहीं असें आम्ही म्हणत नाहीं. प्रभुहि लाजराच्या कबरेकडे जातांना रडला. पण साध्या बायाबापड्यांस समजेल अशा मराठींत पवित्र शास्त्राचें भाषांतर त्यांनीं मूळ इब्री व ग्रीक भाषांवरून चालविलें होतें. तें त्यांनीं मिटून ठेविलें नाहीं. करिंथकरांस पहिल्या पत्राच्या १५ व्या अध्यायांत पुनरुत्थानाविषयीं इतकें लिहून पौल शेवटीं कोठें वळतो, हें वाचकांनीं उघडून पाहावें. तो प्रभूच्या कामाकडे वळतो. कन्येची पुन्हा भेट होणार आणि आपले श्रम फुकट जाणार नाहींत, हीं दोन्ही रमाबाईंस एकच आशा होती, असें आम्हांस वाटतें.

काम तडीस नेऊन ५ एप्रिल १९२२ रोजीं त्या निजल्या. १९२४ सालीं तें संपूर्ण शास्त्र मुक्तिसदनाच्या छापखान्यांतून, तेथील स्त्रियांच्याच हातांनीं छापलेलें, बाहेर पडलें.