आकाशांतील पिसूचा जनक

विमान बांधावयाचें तर प्रचंड कारखाना, निष्णात इंजिनियर आणि अमाप द्रव्य पाहिजे, अशी आपली समजूत असते. ती खोटी ठरविण्याचा चंग आंरी मिन्ये या फ्रेंच गृहस्थानें बांधला आणि हातीं करवत घेतली.

त्याचा जन्म १८९३ सालीं पश्चिम फ्रान्समधील सँत या गांवीं झाला. बिनतारी यंत्रांचें ज्ञान त्याला चांगलें होतें, परंतु विमानविद्येंत तो निव्वळ हौशी. घरींच त्यानें एकामागून एक विमानें रचलीं; त्यांपैकीं आठवें बरें उडालें. तथापि विमान वळवितांना हातापायांचा मेळ घालणें त्याला कांहीं केल्या साधेना. दुसरा कोणी असता तर दोष आपलाच म्हणून स्वस्थ बसता. मिन्येनें दोष विमानाचा ठरविला!

चौदाव्या रचनेंत त्यानें पायांचें काम मुळींच काढून टाकलें. एकामागें एक असे दोन पंख. पुढचा बिजागरीवर हलणारा. एकच दांडी मागें ओढली कीं त्या पंखाचा कल वाढून विमानाचें नाक वर येई, बाजूस नेली कीं सुकाणूं फिरे. पुढचा पंख सुमारें ६ मीटर लांब, इंजिन २० अश्वशक्तीच्याही आंतलें. लांकडाचा सांगाडा दुधांतील केसिनाच्या सरसानें जोडून वर कापड ताणलेलें. हें यंत्र १० सप्टेंबर १९३३ रोजीं उडालें. मिन्येनें त्याचें नांव 'आकाशांतील ऊ' ठेविलें. इंग्रजांनीं, सभ्यतेस्तव कीं काय, उवेची पिसू केली.

१९३४ सालीं त्यानें पुस्तक लिहून प्रत्येक भागाचें माप व कृति जगासमोर ठेविली. ज्याला खोक्याला खिळे ठोकतां येतात त्यानें विमान बांधावें, असा त्याचा भरंवसा होता. लोकांनींही तो मानला. १३ ऑगस्ट १९३५ रोजीं तो स्वतः इंग्लिश खाडी ओलांडून गेला, तेव्हां तर इंग्लंडांत घरोघरीं रंधे चालूं लागले. पुढें तेथें अशा विमानांना शंभराहून अधिक उड्डाणपरवाने दिले गेले.

लवकरच मृत्यूच्या वार्ता येऊं लागल्या. कित्येक यंत्रें एकदां खालीं झुकलीं तीं सरळ जमिनीवर आदळलीं. कारागिरी ओबडधोबड असेल, असें प्रथम वाटणें साहजिक होतें. परंतु १९३६ सालीं इंग्लंडांत फार्नबरो येथें आणि फ्रान्समध्यें शाले-मदाँ येथें मोठ्या वातबोगद्यांत परीक्षा झाली, तेव्हां दोष रचनेंतच सांपडला. दोन पंखांमधील हवेच्या प्रवाहामुळें तीव्र उतारावर मागच्या पंखाची उचल शेपटी वरच धरी. दांडी पूर्ण ओढली तरी नाक वर येण्यास पुरेसा जोर उरत नसे. ज्यांनीं पुस्तकाबरहुकूम एकेक खिळा ठोकला होता, त्यांनाही या संकटांतून सुटका नव्हती. उड्डाणांस बंदी झाली.

मिन्येच्या ज्या आत्मविश्वासानें गरिबाला पंख दिले, त्यानेंच घाई केली, असें प्रस्तुत लेखकास वाटतें. वातबोगद्याची परीक्षा आधीं व्हावयास हवी होती. मात्र तो पळून गेला नाहीं. पंखांची मांडणी त्यानें बदलली आणि महायुद्धानंतर अर्जेंटिना, जपान, मोरोक्को असे देश फिरत नव्या सुधारलेल्या पिसवा रचीत राहिला. १९६५ सालीं तो वारला.

आज घरीं विमान बांधणारे हौशी लोक कांचतंतू, कार्बनतंतू व राळ यांचे तयार भाग मागवितात. तरीही फ्रान्समध्यें कांहीं मंडळी लांकूड तासून मिन्येची पिसूच घडवितात आणि दरवर्षीं आपापलीं यंत्रें घेऊन एकत्र जमतात.