डॉ. रखमाबाई
डॉ. रखमाबाई (२२ नोव्हेंबर १८६४, मुंबई – २५ सप्टेंबर १९५५) या विवाहसंबंधात स्त्रीच्या संमतीचा हक्क न्यायालयात मांडणाऱ्या व पुढे डॉक्टर झालेल्या विदुषी होत. बालपणी दादाजी भिकाजींशी विवाह होऊनही त्या सासरी नांदावयास गेल्या नाहीत. १८८४ मध्ये दादाजींनी मुंबई उच्च न्यायालयात दावा लावला. १८८५ मध्ये न्या. पिन्ही यांनी तो फेटाळला. अपिलानंतर मात्र १८८७ मध्ये न्या. फॅरन यांनी नांदावयास जाण्याचा, अन्यथा तुरुंगवासाचा आदेश दिला. रखमाबाईंनी तुरुंगवासाची तयारी दर्शविली. १८८८ मध्ये दोन हजार रुपयांवर तडजोड झाली. या वादामुळे १८९१च्या संमतिवयाच्या कायद्यास चालना मिळाली. लंडनमध्ये वैद्यकीय शिक्षण घेऊन त्यांनी सुरत व राजकोट येथे रुग्णसेवा केली.