जगन्नाथ शंकरशेट

जगन्नाथ शंकरशेट मुरकुटे ऊर्फ नाना शंकरशेट (१० फेब्रुवारी १८०३ – ३१ जुलै १८६५) हे मुंबईतील धनाढ्य व्यापारी व पेढीवाले, शिक्षणप्रसारक आणि राजकीय पुढारी होते. १८२२ मध्ये वडिलांचे निधन झाल्यावर पेढीचा कारभार तरुण वयातच त्यांच्याकडे आला. अरब व अफगाण व्यापारीसुद्धा आपला ठेवा बँकेऐवजी त्यांच्या हवाली करीत.

शिक्षणकार्य

१८४० मध्ये स्थापन झालेल्या शिक्षण मंडळाच्या तीन भारतीय सदस्यांपैकी नाना एक होते. मंडळाचे अध्यक्ष सर अर्स्किन पेरी इंग्रजी माध्यमाचे आग्रही होते. सामान्य जनतेपर्यंत ज्ञान पोहोचायचे असेल तर ते तिच्याच भाषेतून पोहोचेल, अशी भूमिका नानांनी १८४७ मध्ये लेखी मांडली. मराठीत गणिताची पुस्तके तयार करणारे कर्नल जर्विस त्यांच्या बाजूस होते. नानांचा इंग्रजीला विरोध नव्हता. एल्फिन्स्टन संस्थेच्या उभारणीत त्यांचाच मोठा वाटा होता, ही गोष्ट या वादाच्या वर्णनात बहुधा निसटते. सरकारने एका बाजूस पूर्ण कौल दिला नाही, पण प्राथमिक शिक्षणात देशी भाषांचे स्थान टिकले. मुलींच्या शाळेला समाजातून विरोध होत असता नानांनी गिरगावातील आपल्या वाड्याच्या आवारात तिच्यासाठी जागा दिली.

सार्वजनिक जीवन

मुंबईत लोहमार्ग व्हावा म्हणून झालेल्या खटपटीत नाना व जमशेटजी जीजीभॉय अग्रभागी होते. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे गाडी धावली. हाच मार्ग पुढे मलकापूर, नांदुरा, शेगाव असा वऱ्हाड ओलांडून १८६७ मध्ये नागपुरास पोहोचला. तो पाहण्यास नाना हयात नव्हते.

२६ ऑगस्ट १८५२ रोजी स्थापन झालेल्या बॉम्बे असोसिएशनचे ते प्रमुख आधारस्तंभ होते. कायदे करणाऱ्या मंडळात भारतीयांना स्थान असावे, अशी मागणी या संस्थेने ब्रिटिश संसदेकडे अर्जाद्वारे केली. १८५७ च्या उठावाच्या काळात नानांवर सरकारचा संशय होता. पुराव्याअभावी तो निवळला. १८६२ मध्ये त्याच सरकारने त्यांना मुंबईच्या विधिमंडळावर नेमले.

निधन व स्मृती

१ जुलै १८६५ रोजी कापसाच्या तेजीवर फुगलेला मुंबईचा शेअरबाजार कोसळला आणि त्याच महिन्याच्या अखेरीस नानांचे निधन झाले. मराठीसाठी झगडलेल्या नानांचे नाव विद्यार्थ्यांच्या तोंडी राहिले ते मात्र संस्कृतमुळे. मॅट्रिकच्या परीक्षेतील जगन्नाथ शंकरशेट संस्कृत शिष्यवृत्ती अत्यंत मानाची समजली जाई. १९१२ मध्ये ती चिंतामणराव देशमुखांना मिळाली.