चाकात हवा भरणारा पशुवैद्य

राजारामपुरीच्या मुख्य रस्त्यावरून हल्ली आवाज न करता धावणाऱ्या इलेक्ट्रिक मोटारी दिसतात. त्यांचे टायर झिजले की मालकापुढे प्रश्न येतो: त्याच मापाचा कोणताही टायर चालेल का? या प्रश्नाचे मूळ १८८७ साली बेलफास्टमधल्या एका अंगणात झालेल्या साध्या प्रयोगात सापडते. प्रयोग करणारा अभियंता नव्हता, जनावरांचा डॉक्टर होता.

जॉन बॉइड डनलॉप यांचा जन्म ५ फेब्रुवारी १८४० रोजी स्कॉटलंडमधल्या ड्रेगहॉर्न येथे शेतकरी कुटुंबात झाला. पशुवैद्यकाचे शिक्षण घेऊन ते आयर्लंडला गेले आणि बेलफास्टमध्ये त्यांचा चांगला जम बसला. कामासाठी लागणारी रबराची साधने ते स्वतः तयार करत, त्यामुळे रबर त्यांच्या हातातले होते.

त्यांचा लहान मुलगा दगडी रस्त्यांवर तीनचाकी सायकल चालवी. चाकांना भरीव रबर असल्याने हादरे बसत आणि जोरही जास्त लागे. डनलॉप यांनी रबराची नळी करून ती लाकडी चकतीभोवती कापडाने घट्ट बसवली आणि फुटबॉलच्या पंपाने हवा भरली. मग हे चाक आणि सायकलचे भरीव चाक अंगणात घरंगळत सोडले. भरीव चाक मध्येच थांबले. हवेचे चाक दुसऱ्या टोकापर्यंत जाऊन आदळले. खडा आला की भरीव चाक वर उचलले जाते. हवेचे चाक मात्र तेवढ्याच जागी दबते आणि पुढे जाते.

१८८८ मध्ये त्यांना पेटंट मिळाले. १८८९ मध्ये विली ह्यूम या सायकलपटूने हे टायर लावून बेलफास्टमध्ये शर्यती जिंकल्या आणि लोकांचे हसणे थांबले. पण रॉबर्ट थॉमसन या स्कॉटिश अभियंत्याने हीच कल्पना १८४० च्या दशकातच नोंदवली होती, असे पुढे उघड झाले. डनलॉप यांचे पेटंट रद्द ठरले. त्यांच्या नावाची कंपनी जगभर पसरली, तरी त्यातली मोठी संपत्ती त्यांच्या वाट्याला आली नाही. १८९९ मध्ये ताशी १०० किलोमीटरचा वेग ओलांडणारी पहिली मोटार हवेच्याच टायरवर धावली, आणि ती विजेवर चालणारी होती! २३ ऑक्टोबर १९२१ रोजी डब्लिनमध्ये डनलॉप यांचे निधन झाले.

चाक किती अडखळते आणि किती भार पेलते, हेच आजही पाहायचे असते. बॅटरीमुळे इलेक्ट्रिक मोटार तशाच पेट्रोल मोटारीपेक्षा बरीच जड असते. म्हणून टायरच्या बाजूवर लिहिलेला भारांक कंपनीने सांगितल्यापेक्षा कमी नसावा. भारांक ९१ असलेला टायर ६१५ किलो पेलतो, ९५ असलेला ६९० किलो. फिरताना टायर दबतो आणि पूर्ववत होतो, त्यात काही ऊर्जा उष्णता होऊन वाया जाते. हा लोळण-रोध जितका कमी, तितकी मोटार एका चार्जवर लांब जाते. मात्र केवळ त्याच्यामागे लागून ओल्या रस्त्यावरची पकड गमावू नये. पावसाळ्यात गगनबावड्याच्या वाटेवर ब्रेक लागणे पाच-दहा किलोमीटर जास्त जाण्यापेक्षा मोलाचे आहे. मोटरचा जोर पहिल्या क्षणापासून चाकावर येत असल्याने रबर लवकर झिजते, म्हणून खाचांची खोली वेळोवेळी तपासावी.

शेवटची गोष्ट फुकटची आहे. मोटार थंड असताना, दाराजवळच्या पट्टीवर लिहिलेल्या दाबाइतकी हवा भरावी. हवा कमी असेल तर महागडा टायरही डनलॉप यांच्या अंगणातल्या भरीव चाकासारखा अडखळू लागतो.